लाल मेणखडूची सही

भाऊजींना सही करण्याची भारी हौस. रजेच्या अर्जावर सही, आलेल्या मालाच्या पावतीवर सही, गेटवर उतरलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरसुद्धा सही. आणि ती काही साधीसुधी नव्हे. सुरुवातीला भलंमोठं वेटोळं, मधे काहीतरी किरटं, आणि शेवटी खाली ओढलेली लांबलचक रेघ, तिच्याखाली दोन ठिपके. ती सही पाहिली की धाकट्या सुनेला वाटायचं, डोक्यात जागा रिकामी असली की माणूस बाहेर अशी जास्तीची जागा अडवत असावा.

भाऊजी म्हणजे तिचे मोठे दीर. रासायनिक कारखान्यांना लागणाऱ्या टाक्या आणि भट्टीतली भांडी बनवायचा कारखाना सासऱ्यांनी उभा केला होता. ते गेल्यावर तो भाऊजींकडे आला. घरातला मोठा पलंग थोरल्याकडे जातो ना, तसाच. कुणी विचारलं नाही, कुणी ठरवलं नाही. तिचा नवरा खरेदी बघायचा आणि दादा म्हणेल त्याला मान डोलवायचा. तिने धातुशास्त्राची पदवी घेतलेली, त्यामुळे तपासणीची खोली तिच्याकडे. ती काचेची, थंडगार खोली, तिच्यात सूक्ष्मदर्शक, कठीणपणा मोजायचं यंत्र आणि धातूत काय काय किती आहे ते ठिणगीवरून सांगणारी एक मोठी पेटी. कामगार तिला पाठीमागे 'भिंग' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. ती कुणावर कधी आवाज चढवत नसे. चुकलेल्या माणसाकडे ती नुसती बघायची, आणि त्याला वाटायचं, आता आपल्याला कापून, घासून, काचेखाली ठेवणार.

त्या वर्षी कारखान्याला एक मोठं काम मिळालं. भट्टीच्या आत बसवायचं एक गोल भांडं, त्यातून तापलेला वायू जाणार. पत्रा निकेलच्या मिश्रधातूचा. आजवर कारखान्यात सगळं स्टेनलेस स्टीलचं काम झालेलं, म्हणून तिने सगळ्यांना एकत्र बोलावून नीट सांगायचं ठरवलं. भाऊजी अर्ध्या तासाने आले आणि आल्याबरोबर म्हणाले, "चला, थोडक्यात आटपा. स्टील ते स्टील."

"हे स्टील नाही," ती म्हणाली. "यात चार भागांतले जवळजवळ तीन भाग निकेल आहे. उरलेल्यात बरंचसं क्रोमियम, त्याच्या निम्म्याने लोखंड, आणि चिमूटभर मँगनीज, सिलिकॉन, कार्बन. क्रोमियम आहे म्हणून लालबुंद तापला तरी पापुद्रे सुटत नाहीत. निकेल आहे म्हणून अल्कलीला दाद देत नाही. हा साच्यात ओतलेला नाही, तापवून लाटून घडवलेला आहे, म्हणून आतले कण बारीक आणि एकसारखे आहेत. पण थंड असताना वाकवला की फार लवकर ताठरतो. मग भट्टीत घालून मऊ करायचा आणि पुन्हा वाकवायचा."

"म्हणजे लाडावलेला जावई," भाऊजी म्हणाले. सगळे हसले. भाऊजींच्या विनोदाला हसणं हा कारखान्यातल्या नोकरीचाच एक भाग होता.

ती हसणं थांबेपर्यंत थांबली. "याची खोड एकच. गंधक. तापलेल्या निकेलला गंधक मिळालं की दोघांचं मिळून जे बनतं ते भट्टीच्या उष्णतेच्या कितीतरी आधीच वितळतं आणि कणांच्या मधे झिरपतं. वरून पत्रा धडधाकट दिसतो, आतून त्याचे कण एकमेकांपासून सुटलेले असतात. तेल, ग्रीस, रंग, खडू, सगळ्यात थोडंफार गंधक असू शकतं. भट्टीत घालण्याआधी पत्रा पुसून लख्ख हवा. हाताचा डागसुद्धा नको."

"खडूला घाबरणारा धातू!" भाऊजींनी टेबलावर थाप मारली. "आणि हा म्हणे रसायनांना तोंड देणार!"

पुन्हा हशा. तिचा नवराही हसला, जरा कमी. तिने मोठ्या अक्षरांत सूचना लिहून भट्टीजवळच्या भिंतीवर फळा लावून घेतला. दुसऱ्याच दिवशी त्या खिळ्यावर भाऊजींचा कुणा पाहुण्याशी हस्तांदोलन करतानाचा फोटो लागलेला दिसला आणि फळा कपाटामागे तोंड भिंतीकडे करून उभा होता. तिने फोटोकडे पाहिलं. पाहुण्याचा चेहरा कापला गेला होता, भाऊजींचा अख्खा आला होता. ती आपल्या खोलीत परत गेली.

पत्रे आले, कापले गेले, प्रेसवर त्यांच्या कडा वळवल्या गेल्या. वळवताना ते ताठरले, ती म्हणाली होती तसेच. आता भट्टीत घालून मऊ करायचे आणि मग रोलरमधून फिरवून गोल करायचे. त्या दिवशी भाऊजी स्वतः कारखान्यात उतरले. हातात लाल मेणखडू. प्रत्येक पत्र्यापुढे उभं राहून, डोळे बारीक करून, जणू आरपार दिसतंय असा चेहरा करून ते मान हलवत आणि पत्र्याच्या मधोमध सही ठोकत. वेटोळं, किरटं, रेघ, दोन ठिपके. म्हणजे हा माल साहेबांनी पास केला.

ती योगायोगानेच तिथून चालली होती. पत्रे ट्रॉलीवर चढवलेले होते. भट्टीवाला ट्रॉलीपाशी उभा होता. भट्टीवाला म्हणजे भट्टी सांभाळणारा उंच, वाळका माणूस, भट्टीच्या आवाजामुळे कमी बोलायची सवय लागलेला. त्याच्या हातात फडकं होतं.

"मॅडम, हे पुसू का? साहेबांना विचारलं तर खेकसले. म्हणाले, माझी सही पुसणार?"

तिने पत्र्याकडे पाहिलं. लाल वेटोळं कोवळ्या उन्हात चकाकत होतं. तिला मनातून एकदम हलकं वाटलं, बऱ्याच दिवसांनी. इतकं छान तिला स्वतःलाही जमवून आणता आलं नसतं.

"साहेबांनी सांगितलंय ना?"

"हो, पण तुम्ही त्या दिवशी..."

"मग साहेब म्हणतात तसं कर," ती म्हणाली आणि चालू लागली. फडकं हातात धरून तो तिच्या पाठीकडे बघत राहिला, हे तिला न वळताही कळलं.

पत्रे भट्टीत गेले, तापले, बाहेर आले, निवले. लाल रंग जळून गेला होता. त्या जागी नुसत्या करड्या, मळकट रेषा उरल्या होत्या, बघणाऱ्याला वाटावं धुरकटपणा असेल. मग पहिला पत्रा रोलरमध्ये घातला. अर्ध्यापर्यंत गोल झाला आणि मधोमध कापड फाटल्यासारखा आवाज झाला. रोलरवाल्याने यंत्र बंद केलं. दुसऱ्या पत्र्याचं तेच झालं. तिसरा घालायचं धाडस कुणी केलं नाही.

भाऊजी आले. आले म्हणजे त्यांचा आवाज आधी आला आणि ते मागून. "बनावट माल! पितळेवर मुलामा देऊन पाठवलाय चोरांनी!" निकेलचा पत्रा आणि मुलामा दिलेलं पितळ यांतला फरक वजनावरून, रंगावरून, यंत्रावर लागलेल्या जोरावरून सांगता येतो, पण त्यासाठी माणसाला आधी पत्र्याकडे बघावं लागतं. भाऊजी लोकांकडे बघत होते. सगळे ऐकतायत ना, एवढंच.

"तपास," ते तिला म्हणाले. "आणि लिहून दे, माल खराब म्हणून."

तिने तपासलं. तडा गेलेल्या जागेपासून दूरचा एक तुकडा पेटीत ठेवून ठिणगी पाडली. निकेल, क्रोमियम, लोखंड, जितकं हवं तितकंच. मँगनीज, सिलिकॉन, कार्बन मर्यादेत. गंधक नगण्य. मग तड्याजवळचा तुकडा कापला, आरशासारखा घासला, आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पृष्ठभागापासून आत आत जाणारं एक काळं जाळं दिसलं, प्रत्येक कणाभोवती बारीक काळी किनार. पाठ्यपुस्तकात छापावं इतकं स्वच्छ चित्र होतं. ते बघत ती बराच वेळ बसली. कुणा माणसाकडे तिने इतक्या प्रेमाने क्वचितच पाहिलं असेल.

"माल चोख आहे," तिने भाऊजींना सांगितलं.

"असं कसं? मग फुटला का?"

"तुम्ही बोलावलेला पत्रा पुरवणाऱ्यांचा तज्ज्ञ येतोय ना, त्याच्यासमोर सांगते. मला अजून थोडं बघायचंय."

तिला काहीही बघायचं नव्हतं. पण सांगायचं तर सगळ्यांसमोर, बाहेरच्या माणसासमोर, चांगल्या उजेडात. एकांतात सांगितलं तर भाऊजी संध्याकाळपर्यंत ते गिळून टाकतील आणि सकाळी म्हणतील, मी तर आधीच सांगत होतो. हा माणूस तिने पुरता ओळखला होता.

भाऊजींना मात्र तोवर दम निघेना. माल चोख, म्हणजे मग चूक माणसाची. माणूस म्हणजे भट्टीवाला. भट्टी जास्त तापवली, असा शोध लागला. दुपारी भट्टीवाल्याला केबिनमध्ये बोलावलं. आतून आवाज आला, बहुतेक एकाचाच. मग भट्टीवाला बाहेर आला, डबा उचलला आणि गेटकडे निघाला. तिच्या काचेच्या खोलीसमोरून जाताना तो थांबला नाही. तिने सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. चार दिवसांचा तर प्रश्न, तिने स्वतःला सांगितलं. तज्ज्ञ आला की सगळं सरळ होईल.

घरी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "थोरल्याचा चेहरा बघवत नाही ग. किती घेतो अंगावर! सूनबाई, तू जरा सांभाळून घे. घरातलं घरात."

"मी काय करणार, आई? धातू खोटं बोलत नाही."

"धातू नसेल बोलत. माणसाला बोलता येतं ना?" सासूबाईंनी भांडं पुढे सरकवलं. नवऱ्याने पानातून डोकं वर काढलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, या घरात कणा फक्त खुर्च्यांना आहे.

तज्ज्ञ आला. गोल पोटाचा, सारखा मान पुसणारा माणूस. तिने पहिल्या नजरेतच त्याला निकालात काढलं: विकणारा, जाणणारा नव्हे. सगळे कारखान्यात जमले. फुटलेला पत्रा दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवला होता. भाऊजींनी प्रवचन चालू केलं. भट्टी, तापमान, हलगर्जी कामगार, आजकाल माणसं मिळत नाहीत. तज्ज्ञ मान पुसत ऐकत होता.

"मी सांगू?" ती म्हणाली. तिने पत्र्याच्या बाहेरच्या बाजूवर पांढरा द्रव फवारला. भेगेत आधीच मुरवलेला लाल रंग त्या पांढऱ्यावर हळूहळू उमटू लागला. भेगा शोधायची ही नेहमीची रीत, तिने मुद्दाम आजसाठी राखून ठेवलेली. आधी एक रेघ दिसली. मग तिच्याखाली दोन ठिपके. मग वर, पत्र्यात उघडलेलं, एक भलंमोठं वेटोळं.

वेल्डरने तोंडावर हात ठेवला. तज्ज्ञ वाकला, चष्मा पुसला, पुन्हा वाकला आणि अगदी निरागसपणे म्हणाला, "ही कुणाची सही आहे?"

"आमच्या साहेबांची," ती म्हणाली. "मेणखडूतलं गंधक. भट्टीत कणांच्या मधे उतरलं आणि रोलरमध्ये ताण पडल्यावर उघडलं. पत्र्याने साहेबांचा शब्द न् शब्द पाळलाय."

ज्या क्षणाची ती वाट पाहत होती तो हा. भाऊजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग पत्र्यावरच्या रंगासारखा लाल झाला. ती शांत उभी राहून बघत होती. एखादा नमुना बघावा तशी.

"म्हणजे ही सही पुसायला हवी होती," भाऊजी हळू म्हणाले.

"फळ्यावर लिहिलं होतं. फोटो लागायच्या आधी."

"थांब." त्यांच्या कपाळावर आठी पडली. भाऊजी खरोखर विचार करतायत, असं तिने पहिल्यांदाच पाहिलं. "तो मला म्हणाला होता. भट्टीवाला. केबिनमध्ये. म्हणाला, साहेब, मी मॅडमना विचारलं होतं, पुसू का म्हणून. त्या म्हणाल्या, नको, साहेब म्हणतात तसं कर."

तिने फवाऱ्याची बाटली खाली ठेवली.

"मी त्याला खोटारडा म्हटलं. तुझ्यावर ढकलतो म्हणून घरी बसवला त्याला. म्हटलं, ती? ती बघून गप्प बसेल? कारखाना डोक्यावर घेतला असता तिने. तुझं माझं पटत नाही, पण मालाची नासाडी तू डोळ्यांनी बघणार नाहीस, एवढं मला... मी त्याला तसं बोललोसुद्धा." ते थांबले. "विचारलं होतं त्याने?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तज्ज्ञाचं मान पुसणंही थांबलं होतं. आयुष्यभर ज्याच्या डोक्यात भुसा आहे असं तिने धरलं होतं त्याने नेमका तोच प्रश्न विचारला होता, जो विचारायला हवा होता. आणि तो विचारताना त्याच्या आवाजात डाव नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. त्याच्यापुढे खोटं बोलणं तिला तिच्याच नजरेतून उतरवणारं वाटलं.

"विचारलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

"तुम्ही ऐकलं नसतं."

"मला विचार म्हणून कुणी सांगितलं? फडकं त्याच्या हातात होतं."

तिच्या नवऱ्याने वर पाहिलं. तो भावाकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत मवाळपणा अजिबात नव्हता. तिला ती नजर ओळखीची वाटली. स्वतःवर कधी पडली नव्हती, एवढंच.

तज्ज्ञ गेला. जाताना पत्र्याचा एक तुकडा मागून घेऊन गेला, लोकांना दाखवायला चांगला आहे म्हणाला. संध्याकाळपर्यंत भाऊजी सावरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुणाला तरी फोनवर सांगत होते की त्यांना पहिल्यापासूनच खडूचा संशय होता. तिला हसूही आलं नाही. एका गोष्टीत मात्र ते बदलले. भट्टीवाल्याला परत बोलवा म्हणून त्यांनी स्वतःच सांगितलं. "पण मी जाणार नाही," ते म्हणाले. "मी त्याला खोटारडा म्हटलंय. तू जा. त्याला खोटारडा तुझ्यामुळे म्हटलं गेलं."

तिला हे उत्तर चीड आणणारं वाटलं, कारण ते बरोबर होतं.

भट्टीवाल्याचं घर गल्लीच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद, भिंतीला तेलकट हातांचे डाग. तो खिडकीपाशी बसून एका खुर्चीचा तुटलेला पाय ठोकून बसवत होता. बायकोने दार उघडलं, तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आत निघून गेली. पाणी आलं नाही.

"साहेबांनी परत बोलावलंय," ती उभ्यानेच म्हणाली. "तुझी चूक नव्हती हे सगळ्यांसमोर झालं."

"कळलं. वेल्डर येऊन सांगून गेला." त्याने खुर्ची उलटी केली, पाय हलवून पाहिला. "तुम्हाला मी विचारलं होतं."

"हो."

"साहेबांना त्यातलं कळत नाही, ते मला माहीत होतं. त्यांचं मला काही वाटलं नाही. अडाणी माणसावर काय रागवायचं?" त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "तुम्हाला कळतं."

एवढंच. आवाज चढलेला नव्हता. त्याने तिच्याकडे नुसतं बघितलं. जिथून ती आजवर माणसांकडे बघत आली होती, अगदी तिथूनच. फक्त आता काचेखाली ती होती. तिला काही तरी बोलायचं होतं. त्या दिवशी ट्रॉलीपाशी आपल्याला किती हलकं वाटलं होतं ते, आणि त्यानंतर रोज जेवताना घास किती जड जात होता तेही. पण या खोलीत त्या दोन्हींना काही किंमत नव्हती.

"येशील का?" तिने विचारलं.

"येईन. नोकरी लागतेच." त्याने हातोडी खाली ठेवली. "पण एक. निकेलचा पत्रा भट्टीत जाताना तुम्ही तिथे पाहिजे. काचेच्या मागे नाही, तिथे. प्रत्येक वेळी. पुन्हा कुणी म्हणायला नको, विचारलंच नव्हतं म्हणून."

नवे पत्रे यायला वेळ लागला. आले तेव्हा ती घरातून जुनी साडी नेसून निघाली. भट्टीपुढे उभं राहिल्यावर आधी डोळ्यांच्या कडा चुरचुरल्या, मग गळ्याखाली घामाची धार लागली. तिने अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पत्रा कडेपासून कडेपर्यंत पुसला, फडकं उलटून उजेडात धरलं, पुन्हा पुसला. पलीकडे भाऊजी उभे राहून दोन माणसांना मोठमोठ्याने समजावत होते की निकेल हा फार नाजूक धातू असतो आणि त्याला स्वच्छता लागते. त्यांच्या हातात खडू नव्हता, पण हात हवेत वेटोळं काढतच होता. तिचा जुना तिरस्कार जागचा हलला नव्हता. फक्त आता तो एकट्या भाऊजींच्या वाट्याला येत नव्हता.

नवरा ऑफिसच्या दारातून तिच्याकडे बघून आत गेला. गेले काही दिवस तो घरी कमीच बोलत होता, आणि या वेळी ते मवाळपणामुळे नव्हतं.

तिने फडकं भट्टीवाल्यापुढे धरलं. पांढरंशुभ्र. त्याने ते हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, परत दिलं. मान हलवली नाही, चांगलं म्हणाला नाही. ट्रॉली आत ढकलली आणि भट्टीच्या दाराचा दांडा हातात घेतला.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. "दार लावतोय."

ती बाजूला झाली.